अकराशे बारावी ओळ

४ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि आम्ही घर डोक्यावर घेतलं. माझ्या नसांत साचणारं प्रथिन तुमच्या औषधाने प्रयोगशाळेतल्या पेशींत नव्वद टक्के मोडलं, म्हणजे आमची शेंबडी ठकी कामाची निघाली म्हणायची! बोटांना आता पेन धरवत नाही, म्हणून तुझी वहिनी लिहिते आहे आणि मधूनच माझी वाक्यं सुधारते आहे. घासही अडकायला लागलाय. डॉक्टर वर्षाच्या पुढचं बोलत नाहीत. औषधाच्या चाचणीत माझं नाव लागलंय, त्यावरच तग धरून आहे.

आमच्यावरचा जीव असाच राहू दे.
तुझा दादा

११ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

माझ्या हातून घात झाला रे. औषध दिलेल्या पेशींतली आठ हजार प्रथिनं आम्ही मोजतो. काय घटलं, काय टिकलं, त्याची यादी निघते. मी पहिली ओळ वाचली, तुझं प्रथिन गेलेलं पाहिलं आणि आनंदाच्या भरात तुला लिहून मोकळी झाले. बाकीची यादी काल वाचली. अकराशे बाराव्या ओळीत हृदयाच्या ठोक्याला लागणारं प्रथिनही निम्म्यावर आलंय. हे कळवलं की चाचणी थांबणार. नवं औषध घडवायला दोन वर्षं तरी लागतील. अहवाल समोर आहे, सही करवत नाही.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ठकी

१५ मार्च

ठकी,

आशीर्वाद वगैरे आज राहू दे. ती ओळ कळवू नकोस. हृदय माझं आहे, त्याचं काय व्हायचं ते होवो. गुदमरून मरण्यापेक्षा ते बरं. तू गप्प राहिलीस तर इतक्या खाली कोण वाचायला जातंय? मोठा भाऊ असून तुझ्या पाया पडतो.

दादा

१९ मार्च

ती. दादास सा. न.

तुझं पत्र खिशात ठेवूनच सही केली. चाचणीत आणखी एकतीस जण आहेत. तुला धोका ठाऊक होता, त्यांना कोणी सांगितलाच नसता. मी फार बरोबर वागले असं मला मुळीच वाटत नाही. अन्न गोड लागत नाही. वाटेल ते बोल, पण बोल.

ठकी

२ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगितलं. काल मी भरवत असताना त्यांनी मधेच विचारलं, नव्या औषधाच्या प्रयोगाला आजारी माणसाच्या पेशी लागत असतील ना? मी म्हटलं, लागत असतील. मग जड जिभेने एकेक शब्द सांगून मला हे लिहायला लावलं: "रक्त, मांस, काय हवं ते घे. पण पार्सलने पाठवणार नाही. स्वतः न्यायला ये. लवकर ये."

तुमची वहिनी