विरोध एक

बाबा, काल बैठकीच्या वहीत मी पुन्हा 'एकमताने मंजूर' लिहिलं.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी नववीत होते. आपल्या शेलार गावातल्या घरी युतीची बैठक, दोन्ही पक्षांची माणसं पडवीत दाटीवाटीने बसलेली आणि अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे. तुमच्याच नेत्याने ठराव मांडला आणि तुम्हीच आडवे गेलात. तासभर भांडलात, हरलात. बाबांचं हरणं वहीत कशाला, म्हणून मी शहाणपणा केला. तुम्ही ते वाचलंत आणि सगळ्यांसमोर मला झापलंत. "मी काय मेलो व्हतो का तवा? माजा विरोध लिव. नावासकट लिव." मी रडत रडत खोडलं आणि लिहिलं, विरोध एक. तुमचे नेते हसत होते. "हा भांडला न्हाय तं बैठक झाली असं वाटत न्हाय," म्हणाले आणि जेवायला तुमच्याच शेजारी बसले. लोक आपल्याला कडवे म्हणायचे. होतातच तुम्ही कडवे. पण घरात भांडायची मुभा होती, म्हणूनच बाहेर कोणी आपल्याला हलवू शकलं नाही.

आता मी तालुक्याची चिटणीस आहे. येत्या निवडणुकीच्या उमेदवारांच्या यादीत माझं नाव आहे म्हणतात. बैठक हॉटेलच्या हॉलमध्ये होते, ठराव आदल्या दिवशीच मोबाइलवर येतो आणि खाली सगळ्यांचे अंगठे. कालचा ठराव होता, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या बाहेरच्या माणसांना गावात खोल्या द्यायच्या नाहीत. एकटे गुरुजी उठले. मित्रपक्षातले, तुमच्याशी जन्मभर वाद घातलेले, तुम्हाला खांदा दिलेले. म्हणाले, "त्यांची पोरं माझ्या वर्गात श्लोक पाठ करून गेलीत. मला हे मान्य नाही." मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, बसा आता, जेवण थंड होतंय." हॉल हसला. मी मान खाली घालून लिहीत राहिले.

आज सकाळी ते घरी आले. "ठराव झाला, त्याचं काही नाही. माझा विरोध लिहिलास ना, पोरी? तुझ्या बापाच्या हाताखाली तयार झालीस तू." मी वही पुढे केली. त्यांनी दोनदा वाचलं. मी म्हटलं, अध्यक्षांनी तसं लिहायला लावलं. "मग तुझा तरी काय इलाज," म्हणाले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा न घेता गेले. तो हात मला सोसवला नाही, बाबा. दार लावून मी खूप रडले.

तुम्हालाही तेच सांगणार होते. पण हे पत्र कुठे जायचं नाही, मग इथे तरी खोटं कशाला? अध्यक्ष तेव्हा फोनवर बोलत बाहेर गेले होते. मला कोणीच काही सांगितलं नव्हतं.