झुलाल आबांचा हात

चाळीसगाव,
२ फेब्रुवारी १९९२

तीर्थरूप शालिग्रामभाऊ यांना धाकट्या रुपचंदचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे सर्व ठीक, म्हणजे जिवंत माणसं तरी.

तुम्ही अमळनेरला इंग्रजी शिकवता म्हणून विचारतो. 'मेंटॉरशिप' म्हणजे नेमकं काय? आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुंबई ऑफिसचं पत्र आलं, की नव्या माणसाला एक अनुभवी मेंटॉर द्यावा. माझी टेबलावरून कापूस पारखायला बदली झालेली (साहेबांच्या मेहुण्याला टेबल हवं होतं), म्हणून मी नवा. मेंटॉर कोण, तर आमचे जुने कापूस-पारखी झुलाल आबा. आता आबा गेल्या पौषात वारले, मी स्वतः खांदा दिलाय. साहेब म्हणाले, यादी मुंबईची आहे, आपल्याला खोडता येत नाही.

आबांची शिकवण्याची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. तोंडाने काही सांगायचे नाहीत. नवख्याचं मनगट धरायचे आणि गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत खुपसायचे. वरचा कापूस सगळेच शेतकरी चांगला ठेवतात, खरा माल तळाशी. गेल्या मंगळवारी भर दुपारी मी वरवरची मूठ घेऊन 'पास' म्हणणार, तोच कापसाच्या आत कुणीतरी माझं मनगट धरलं. थंडगार बोटं. ओढलं ते पार काखेपर्यंत. हात बाहेर आला तेव्हा मुठीत ओला, पिवळा कापूस होता. मी मागे उडी मारली. कौतिक हमाल मात्र शांतपणे म्हणाला, "भाऊ, हाऊ आबानाच हात शे." आणि तंबाखू मळत बसला. तेव्हापासून रोज प्रत्येक गाडीत हेच. मनगटावर चार बोटांचे वळ आहेत. बायको बांगडीवाल्या मंजुळाबाईवर संशय घेते, तिला काय सांगू?

आपला,
रुपचंद

ता. क. मेंटॉरशिप संपते कशी, हे मोठ्या कोशात बघून ताबडतोब कळवा.

ता. क. दुसरा : ताबडतोब नको. सोमवारी परीक्षा आहे. साहेबांसमोर दहा गाड्या पारखायच्या, चुकलो तर नोकरी गेली. मंगळवारी कळवा.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आज दिवसभर कुणी मनगट धरलं नाही. शेवटच्या गाडीत मी हात खुपसून कितीतरी वेळ उभा राहिलो. भाऊ, आता खरी भीती वाटते. आबांना परत कसं बोलवायचं, तेवढंच बघा.