चित्रातला चष्मा

प्रिय चंद्रभान,

अकोल्याच्या शाळेत पोरांना चित्रकला शिकवायला गेलास आणि आम्हाला विसरलास, असं लिहिणार होतो. पण मी तरी कुठे एका जागी होतो? उन्हाळाभर खापरखेड्याच्या वीजघरात राख उपसली. तिथं भाकरीलाही राखेची चव लागते. मग एका ट्रकवाल्याशी दोस्ती झाली आणि बालाघाटला गेलो. ती गंमत समोर बसून सांगण्यासारखी आहे. असो, मुद्दा राहिला.

परवा घरी आलो, तर बाबांच्या रेशन दुकानासमोरची रांग हसत होती. साखर अर्धीच येते, ज्वारीच्या ऐवजी तो परदेशातला लाल मिलो. अशी रांग शिव्या देते, हसत नाही. तेवढ्यात आपल्या गल्लीतली भीमाबाई पिशवी पुढे करून म्हणाली, “काहून गा देवराव, उंदरायचं झालं का खाऊन? आता आमचंही माप टाक.” सगळे खिदळले. बाबाही हसले.

दुकानाच्या दारावर कोणीतरी साप्ताहिकातलं व्यंगचित्र चिकटवलं होतं. तू पाहिलंच असशील. पोत्यांवर बसलेला ढेरपोट्या, पोटावर लिहिलंय ‘सरकार’. हातात तराजू, एका पारड्यात गलेलठ्ठ उंदीर, दुसऱ्यात बाईची रिकामी पिशवी. टोपी बाबांसारखीच तिरपी, कानही त्यांच्यासारखे सुपाएवढे. खाली सही, ‘काजवा’.

मी नववीत शाळा सोडलेला माणूस, पण भज्यांच्या कागदावरची असली चित्रं जन्मभर तेल पुसून पुसून पाहिली आहेत. ‘देवराव साखर चोरतो’ असं कोणी छापलं असतं, तर भीमाबाईनंच त्याला जाब विचारला असता. चित्र तसं काही म्हणतच नाही. ते उंदीर आणि पिशवी शेजारी ठेवतं आणि गप्प बसतं. मधली गोष्ट आपणच जुळवतो, जुळली म्हणून हसतो. आणि एकदा हसल्यावर ती खोटी कशी म्हणणार? ती तर आपल्याच डोक्यातून निघालेली असते.

बाबा किती किडकिडीत आहेत, तुला ठाऊक आहे. तरी रुपराव पानवाला मला म्हणाला, “तुह्या बापाचं पोट सुटून राहिलं गा, लहानू.” मी त्याच्यावर उखडलो. आणि जेवताना मीच चोरून बाबांच्या पोटाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते बाहेर गेले, तेव्हा दुकानातली वजनं उलटी करून सरकारी शिक्के तपासले. सगळे शाबूत. पण पोराला बापाची वजनं उलटी करायला लावतं, एवढं त्या चित्रात बळ आहे. तेव्हापासून त्याची धास्तीच बसली.

आता पोरांनी ठरवलंय, यंदाचा बडग्याचा पुतळा त्याच चित्रावरून करायचा. पूर्वी आपणच करायचो, आठवतं? बांबू मी तासायचो, तोंडं तू रंगवायचास. महागाईचा, काळ्या बाजाराचा. तोंड कोणाचं, हे आपण कधी विचारलं नाही. यंदा ढेरी तयार झाली, कागद चिकटला, पण ‘सरकार’ हा शब्द पोरांनी घातलाच नाही. विसरले की गाळला, देव जाणे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यामागून तो इतवारीच्या रस्त्यांवर नाचवतील, “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” म्हणतील आणि जाळतील. बाबा नेहमीप्रमाणे दारात उभे राहून मिरवणुकीला गूळफुटाणे वाटणार आहेत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. चित्रातल्या माणसाच्या चष्म्याला एक दांडी नाही. त्या जागी चिंधी आहे आणि कानामागे गाठ. बाबांच्या चष्म्याला अशीच चिंधी आहे, आईच्या लुगड्याच्या काठाची. बाबा लाजेपायी तो चष्मा दुकानात लावत नाहीत, घरीच लावतात. आमच्या चुलीपुढे पाटावर बसल्याशिवाय ती गाठ कोणाला दिसत नाही, आणि आई गेल्यापासून त्या पाटावर बाहेरचा एकच माणूस जेवला आहे. तू म्हणशील, मला सरकारच काढायचं होतं. मानलं. सरकारला चेहरा नसतो, मंत्र्याचा काढायला भीती वाटते, मग हात ओळखीच्या चेहऱ्याकडे वळतो. पण ओळखीचा म्हणजे ज्यानं तुला वाढलं त्याचा?

त्या दिवशी बाबा हसले, कारण चष्म्याशिवाय त्यांना ते चित्र दिसलंच नव्हतं. काल त्यांनी कागद सोडवून घरी आणला, चष्मा लावला, गाठ मारली आणि बराच वेळ पाहत बसले. मग कागदाची घडी करून म्हणाले, “चंद्रभानले पोळ्याले जेवाले बोलाव. त्याले चित्रातलं समजते. तो सांगन, कोनाचा हात आहे.” त्यांनी ओळखलं की नाही, मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. त्यांनी सांगितलं म्हणून हे पत्र. बडग्याचं तोंड अजून कोरं आहे. पोरं म्हणतात, रंगवायला चंद्रभानदादाच पाहिजे. तेव्हा ये. आधी बाबांच्या समोर पाटावर बसून जेव. मग ब्रश हातात घे, आणि तोंड कोणाचं काढायचं ते तूच ठरव.

अजून तरी तुझाच,
लहानू