अठ्ठ्याहत्तर फेरे

चांदा, ३ फेब्रुवारी १९५४

ती. बाबांना,
कमळाचा सा. न. तुम्ही विचारलेत ते क्रमाने:

१. कोळसा खाणीच्या साहेबाने गाव सोडताना आपल्या लटारूला चावीचा ग्रामोफोन आणि एक तबकडी दिली. अमेरिकेतले वादन आहे, जॅझ म्हणतात.
२. बँडवाल्या शफीभाईंचे क्लॅरिनेट मागून त्याने तबकडीवरचे वादन चार महिन्यांत नुसते ऐकून बसवले.
३. शफीभाईंचे पुढचे दात पडले, त्यांना आता फुंकता येत नाही. ते लटारूला गंडा बांधून शिष्य करणार आणि क्लॅरिनेट देणार म्हणतात. बापाच्या होकाराशिवाय मात्र बांधणार नाहीत.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो राहू द्यावा.
कमळा

चिमूर, ८ फेब्रुवारी

चि. कमळे,
आशीर्वाद. पत्र भेटलं. बावीस वर्षाच्या घोड्याले तुह्यापाशी नोकरी कराले पाठवलं, वरातीत फुंकाले नाई. साहेबाच्या तबकडीनं भुलला असंन. बँडवाल्याले पोरगी कोण देईन? तू तारऑफिसची परीक्षा पास झालेली. लहानपणी भाकरीचीबी जाडी मोजत होती. तं आता मोजूनच सांग, त्याले खरंच येते का नाई. भावाची माया मधात आणू नको.
तुझा बाप, रामाजी

चांदा, १३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. मोजले. तबकडीवर कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. पहिल्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर, तिसऱ्याला एकाहत्तर. स्प्रिंग थकली आहे, त्यामुळे सूर हळूहळू खाली घसरतो. मूळ वादकच तसा वाजवतो असे समजून लटारूही ओठ सैल करत तितकाच खाली उतरत होता. चूक होती, पण घसरणाऱ्या सुराशी केसभरही फरक नव्हता.

मी सांगितले तर म्हणाला, बाई, तारेची कटकट ऐकून तुझेच कान गेले. मग मी गाणे संपेपर्यंत चावी फिरवत राहिले. सूर ढळला नाही. त्याने एकदाच ऐकले आणि सगळे सरळ वाजवले.

तबकडी थांबली, तो थांबला नाही. त्याच चालीत, तबकडीवर नसलेले सूर काढत पुढे गेला. ते त्याला कोणी ऐकवले नव्हते. चाळीस वर्षे लग्ने वाजवलेले शफीभाई तोंडावर हात धरून बसले होते. तो किती वेळ वाजवत होता ते सांगू शकत नाही. घड्याळ माझ्या हातात होते. मी पाहिले नाही.

गंडा शुक्रवारी, एकोणीस तारखेला आहे. बुधवारपर्यंत हो किंवा नाही, एवढे कळवावे.
कमळा