रायफल घरी ठेवून या

बटलर, पेनसिल्व्हेनिया
९ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. थंडी वाढली की गुडघे बोलणारच, पण तुम्ही अजून स्वतः लाकडं फोडता हे वाचून रोशेल चिडली. शेजारच्या लॉनीच्या पोराला बोलवा, तो येईल. सेडीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय म्हणता, तर आता तिला रात्री कोंडूनच ठेवा. म्हातारी कुत्री वासावर निघते आणि मग तिला परत वाट सापडत नाही.

आमचं बरं चाललंय. रोशेलच्या नर्सिंग होममधल्या दोघी काम सोडून गेल्या, त्यामुळे हिच्या वाट्याला त्यांच्याही पाळ्या येतात. मी त्याच टायरच्या दुकानात आहे. हिवाळी टायर बसवून घ्यायला लोकांची रांग लागलीय. मागच्या शेतात रोज संध्याकाळी हरणं उतरतात. यंदा भरपूर आहेत.

एवढं लांब पत्र तुम्हाला माझ्याकडून कधी आलं नाही, यापुढे येईल असंही नाही. फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणून ठेवून देता आणि समोर असलात की माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून लिहितो.

थँक्सगिव्हिंगला येताना आजोबांची रायफल आणणार, नातवाच्या, एमेटच्या हातात देणार आणि इथेच ठेवून जाणार, असं तुम्ही लिहिलंत. ती आणू नका. घर लहान आहे, कपाटाला नीट कुलूप नाही. रोशेललाही घरात बंदूक नको आहे.

हे लिहून पेन ठेवलं आणि वाचून बघितलं. तुमचा यातल्या कशावर विश्वास बसणार नाही. रोशेल तिच्या बहिणीबरोबर, डॅनाबरोबर, लहानपणापासून शिकारीला जाते, हे तुम्हाला माहीत आहे. कपाटाला कुलूप मी दुपारी लावू शकतो. खरं कारण दुसरं आहे. त्याच्याआधी ऑगस्टचं सांगतो.

तुम्ही आलात तेव्हा एमेटला औषध सुरू होऊन चार-पाच महिने झाले होते. तो पहिल्यांदाच एक पुस्तक शेवटपर्यंत वाचत होता. शाळेतून फोन यायचे थांबले होते. तुम्ही त्याच्या कॅप्सूलची बाटली उचललीत, दिव्यासमोर धरलीत आणि रोशेलला म्हणालात, "पोराचं मेंढरू करायचं ठरवलंय का तुम्ही दोघांनी?" तिने बाटली तुमच्या हातातून घेऊन कपाटात ठेवली. मी ऐकून घेतलं. तुमच्यासमोर गप्प बसायची सवय जुनी आहे.

तुम्ही गेलात आणि सप्टेंबरात शाळेतून पुन्हा फोन येऊ लागले. एमेट वर्ग चालू असताना उठून बाहेर गेला. एमेटने कुणाची तरी वही खिडकीतून फेकली. एमेट शाळेच्या बसमधून उतरला आणि बसच्या पुढून रस्ता ओलांडून पळत सुटला, दोन्हीकडे न बघता. बसवाल्या बाई रडत होत्या फोनवर. आम्ही डॉक्टर कमिन्स्कींना म्हणालो, औषध लागू पडेनासं झालं. त्या डोस वाढवणार होत्या.

मग एका रविवारी मी त्याचे रबरी बूट धुवायला घेतले. उजव्या बुटाच्या टोकात कॅप्सूल चिकटून बसल्या होत्या, काही फुटून त्यांची पांढरी पूड झालेली.

मी त्याला पायरीवर घेऊन बसलो. रागावलो नाही.

"कुणी सांगितलं तुला टाकायला?"

"कुणी नाही."

"एमेट."

"आजोबा म्हणाले, ह्या खाणाऱ्यांचं नाव सरकारकडे जातं. मग मोठं झाल्यावर बंदूक घेता येत नाही. कधीच." मग म्हणाला, "म्हणून मी तोंडात धरून ठेवायचो."

"आजोबांना कुणीतरी चुकीचं सांगितलंय."

"मग तुझ्याकडे का नाही बंदूक, पप्पा? तू पण घेतोस ना कॅप्सूल?"

बाबा, हा प्रश्न मला तुम्ही कधी विचारला नाहीत. मी रायफल विकली म्हणालो, तुम्ही मानलं. पाठ दुखते म्हणालो, तेही मानलं. लॉनीला तुम्ही म्हणालात की कर्टिस आता बायकोच्या तालावर नाचतो. ते मला पोचलं. मी ते चालवून घेतलं, कारण खऱ्यापेक्षा ते बरं होतं.

हॅम्रिक बाई तुम्हाला आठवतात का? मी तिसरीत होतो. त्या घरी आल्या होत्या, चिखलातून, चांगले बूट घालून. आईने त्यांना केक दिला होता सफरचंदाचा, तो त्यांनी खाल्ला नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होतो. त्या म्हणाल्या, "मुलगा हुशार आहे, पण त्याला एका जागी मन ठेवता येत नाही. त्यात त्याचा दोष नाही. चार्ल्सटनला डॉक्टर आहेत, एकदा दाखवा. याला एडीएचडी म्हणतात."

तुम्ही म्हणालात, "माझ्याबरोबर झाडावरच्या मचाणावर तो सकाळपासून दुपारपर्यंत हूं की चूं न करता बसतो. तुमच्या वर्गात बसत नसेल तर तुम्ही तुमचा वर्ग बघा."

ते खोटं नव्हतं. मचाणावर मला जमायचं. तुमच्या बाजूला, तुमच्या कोटाला चिकटून, पानं वाजायची वाट बघत. माझ्या डोक्यातला गलबला फक्त तिथे थांबायचा. जगात मला बरी वाटणारी ती एकच जागा होती, आणि ती तुम्ही दिली होती. हे मी विसरलेलो नाही.

पण पुढे तुम्ही म्हणालात, "एकदा नाव लागलं की लागलं. हा उद्या एकवीस वर्षांचा होईल, दुकानात जाईल आणि दुकानदार म्हणेल, तुला नाही मिळणार. मग काय सांगू त्याला? शाळेच्या बाईंनी काढून घेतली?" तुम्हाला ते बंदुकांच्या जत्रेत कुणी सांगितलं होतं, की न्हाव्याकडे, मला माहीत नाही. आई म्हणाली, "डेल, निदान एकदा विचारून तर बघू." तुम्ही तिच्याकडे नुसतं बघितलंत. हॅम्रिक बाई गेल्या. केक कुत्र्याला घातला.

त्यानंतर मी नववीत दोनदा नापास झालो. लाकडाच्या कारखान्यातून मला काढलं, मग दुसऱ्या कारखान्यातून. प्रत्येक वेळी तुम्ही पट्टा काढलात किंवा, मी मोठा झाल्यावर, 'आळशी' हा शब्द. मी आळशी नव्हतो, बाबा.

आता जे एमेटला सांगितलं ते तुम्हाला सांगतो.

मी चोवीस वर्षांचा होतो, ओहायोत गॅसच्या विहिरींवर कामाला. दुपारी काम संपवून जेरड आणि मी माझ्या ट्रकमधून परत येत होतो. जेरड तुम्हाला माहीत आहे, वेल्डर, लाल दाढीचा, एकदा आपल्याकडे जेवायला आला होता. आम्ही प्यायलो नव्हतो. गाडीत काही नव्हतं. मागचा एक दिवा गेला होता, तेवढंच. आरशात पोलिसाच्या गाडीचे दिवे दिसले आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवर खाली गेला. मी ठरवलं नाही. जेरड ओरडत होता, "थांब, कर्टिस, थांब, काय करतोयस." मला ऐकू येत होतं. वळणावर ट्रक कठडा तोडून ओढ्यात गेला.

जेरड वाचला. त्याच्या डाव्या हाताची मूठ अजून मिटत नाही. वेल्डिंग सुटलं. तो आता रात्री एका गोदामाची राखण करतो आणि नाताळला मला कार्ड पाठवतो, जे मला उघडवत नाही.

न्यायाधीशांनी विचारलं, "का पळालास?" मला उत्तर आलं नाही. त्यांना वाटलं मी मग्रूर आहे. पोलिसापासून असं पळणं आणि त्यात माणूस जायबंदी होणं, हा गंभीर गुन्हा. मी एक हिवाळा आणि एक उन्हाळा तुरुंगात काढला. तुम्हाला सांगितलं होतं की मी आखातात तेलाच्या रिगवर आहे. एमेट जन्मला तेव्हा मी रिगवर नव्हतो, बाबा.

आईला माहीत होतं. लोरीन मावशीकडे जाते म्हणून ती जायची ना, ती माझ्याकडे यायची. काचेपलीकडे बसून ती मला घरच्या बातम्या सांगायची. कुठल्या कोंबड्या अंडी देतात, तुम्ही कोणत्या बाजूला किती मोठं हरीण बघितलं.

अशा गुन्ह्यात शिक्षा झाली की कायद्याने जन्मभर बंदूक जवळ ठेवता येत नाही. विकत घेणं सोडा, घरात माझ्या हाताला लागेल अशी सापडली तरी मला आत टाकतील. म्हणून रायफल आणू नका. तुम्ही ती प्रेमाने भिंतीवर लावून जाल आणि मला त्यापायी पुन्हा काचेमागे बसावं लागेल.

एमेटला पहिल्यांदा दाखवायला नेलं, तेव्हाच डॉक्टर कमिन्स्कींना मी तुमचा तो जुना प्रश्न विचारला होता, नाव न घेता. त्या म्हणाल्या, "राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, पण नुसतं एडीएचडीचं निदान आहे म्हणून इथे कुणी बंदूक नाकारत नाही. कोर्टाने माणसाला सक्तीने इस्पितळात ठेवलं असेल किंवा गुन्हा असेल, तर गोष्ट वेगळी." मग त्या एमेटबद्दल रोशेलला प्रश्न विचारू लागल्या. विचार करण्याआधी करून मोकळा होतो का? आपण का केलं ते नंतर सांगता येत नाही का? रोशेल एमेटकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघत होती. त्या महिन्यात मीही औषध सुरू केलं. चौतिसाव्या वर्षी. पहिल्या आठवड्यात मी दुकानाच्या मागे उभा राहून रडलो, कारण डोक्यात मचाणावरची शांतता होती आणि मी मचाणावर नव्हतो.

तुम्ही माझी बंदूक वाचवायला निघाला होतात. ती गेली ती अशी गेली. मी दोष सगळा तुमच्यावर टाकत नाही. पाय माझा होता. पण माझ्या पोराच्या बाबतीत हे पुन्हा होऊ देणार नाही.

एमेटने सगळं ऐकून घेतलं. त्याने आधी विचारलं, "जेरडचा हात दुखतो का?" मग विचारलं, "आजोबांना माहीत आहे?" मी नाही म्हणालो. "का?" म्हणाला. मी म्हणालो, जा, हात धू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कॅप्सूल गिळली आणि तोंड उघडून मला दाखवलं, मी मागितलं नव्हतं तरी.

शिकारीच्या पहिल्या दिवशी डॅना त्याला घेऊन जाईल, तिच्या बंदुकीने, तिच्या परवान्यावर. तो खूश आहे. मी दारात उभा राहून त्यांना निरोप देईन, तेवढं कायदा मला करू देतो.

तुम्ही या. पण रायफल घरी ठेवून या, आणि जेवायला बसण्याआधी एमेटला सांगा की तुम्ही त्याला चुकीचं सांगितलं होतं. तुमच्या तोंडून. ते जमणार नसेल तर येऊ नका. मी दार उघडणार नाही.

गुडघ्यांना जपा.

कर्टिस


बटलर
१ डिसेंबर

प्रिय बाबा,

तुम्ही सुखरूप पोचलात हे लॉनीकडून कळलं. डोंगरात बर्फ होतं म्हणाला.

तुम्ही आलात, रिकाम्या हाताने आलात. अंगणात एमेट समोर आला, तुम्ही टोपी काढलीत आणि म्हणालात, "औषधाबद्दल मी बोललो ते चूक होतं. डॉक्टर सांगतात तसं कर." इतकं साधं. मी बाजूला उभा होतो. तुम्हाला ते किती जड गेलं ते तुमच्या मानेवरून कळत होतं. एमेट म्हणाला, "ठीक आहे, आजोबा. सेडी कुठे आहे?" आणि तुम्हाला घेऊन गेला, त्याच्या टाकीतले मासे दाखवायला.

तुम्ही माझी अट पाळलीत. रोशेललाही ते दिसलं, तिने तुम्हाला दोनदा टर्की वाढली.

माझ्याशी तुम्ही जेवताना बोलला नाहीत. बटाटे मागितलेत तेही डॅनाकडे, माझ्यासमोर भांडं असताना. निघताना सगळ्यांचा हात हातात घेतलात. मी ट्रकपर्यंत आलो. तुम्ही काच खाली केलीत आणि आईबद्दल एवढंच विचारलंत, "नॉर्माला खरंच माहीत होतं?"

मी हो म्हणालो. तुम्ही काच वर केलीत.

एमेटला हरीण मिळालं नाही. दिवसभर थंडीत बसला, एक मादी दिसली, तिच्यावर नेम धरला आणि मागे झाडामागे काय आहे ते दिसेना म्हणून झाडली नाही. डॅना म्हणते असं थांबणं मोठ्या माणसांनाही जमत नाही. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

गेले काही दिवस तो ट्रक, ती काच माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आईने तुमच्यापासून का लपवलं ते तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी त्या वेळी सांगितलंही नसतं. आता सांगतो. मी तिला म्हणालो होतो, सांगून टाक त्यांना, किती दिवस मावशीचं नाव घेशील. तिने काचेवर हात ठेवला आणि म्हणाली, "नको. ते तुला टाकतील, कर्टिस. आणि मग मला त्यांच्याबरोबर त्या घरात राहता यायचं नाही."

ती हे तसंच मनात धरून वारली.

तिची भीती खोटी होती एवढं मला लिहा. एक ओळ पुरे. आणि खोटी नसेल तर तेही लिहा. मी पत्रपेटी बघत राहीन.

तुमचा मुलगा,
कर्टिस