ऐंशी गड्डे

२ सप्टेंबर
आजपासून लिहिणार. हिवाळा सरला की आमच्या कॅन्टीनची मोठी आचारीण घरी बसणार. मॅनेजर म्हणाला, जिच्यात धमक दिसेल तिला तिची जागा. उरलो दोघी, मी आणि माझी धाकटी जाऊ. म्हणजे मीच. त्याला सांगून टाकलं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचा कोबी बाहेरून मागवू नका, माझ्या वाफ्यातले ऐंशी गड्डे आणते. नक्की ना, म्हणाला. मी म्हटलं, लिहून घ्या. त्याने खरंच लिहून घेतलं.

८ सप्टेंबर
रोपवाल्याने बोटभर रोपं पुढे केली. म्हटलं, ही मरतुकडी कुणाला? कोपऱ्यातली वीतभर, जाडजूड निवडली. तो म्हणाला, ताई, ती फार लवकर पेरलेली, पडून राहिलेली आहेत. बारकं रोप थंडी झोपून काढतं. वाढलेल्याला थंडी लागली की ऊन पडताच त्याला वाटतं वर्ष सरलं, आता फुलावं, बी धरावं. मग गड्डा नाही, मधून दांडा. म्हटलं, रोपं विकताय की शाळा घेताय? जाऊने बोटभरच घेतली. बिचारी.

२९ सप्टेंबर
खत घातलं, दोन बादल्या. रोपवाला म्हणतो थंडी सरेपर्यंत घालू नका. उपाशी पोटी कोण वाढतं?

१४ नोव्हेंबर
माझी रोपं गुडघ्याला आली. जाऊची शोधावी लागतात. तिला म्हटलं, चष्मा देऊ का? म्हणाली, आहेत हो जाऊबाई, आहेत.

९ जानेवारी
कडाक्याची थंडी. हे म्हणाले, गोणपाट टाकू का वाफ्यावर. म्हटलं, माझी रोपं तुमच्यासारखी नाजूक नाहीत.

६ मार्च
ऊन छान. गड्डे टोकदार होतायत. टोकदार जात असणार, महागातली. मॅनेजरला म्हटलं, ऐंशीचे नव्वद धरा.

१५ मार्च
मधून काहीतरी वर आलंय. सगळ्याच रोपांना. याला म्हणतात जोम.

१६ मार्च, सकाळी
हाताने दाबून बसवलं.

१६ मार्च, दुपारी
परत वर.

२१ मार्च
पिवळी फुलं. मधमाश्या खूश आहेत, कुणीतरी आहे. रोपवाला बघायला आला आणि वाकून एकेक दांडा मोजत बसला, मला तेच झोंबलं. शेवटी मीच विचारलं, यावर उपाय काय? म्हणाला, आता एकच, कोवळं आहे तोवर कापून खा. बाकीचे उपाय सप्टेंबरात होते. वेळेवर पेरलेलं लहान रोप, खत थंडीनंतर, आणि दांडा लवकर न धरणारी जात. आता हे आधी नीट सांगायला काय झालं होतं माणसाला?

२२ मार्च
फुलांसकट भाजी केली. ह्यांना वाढली. हे म्हणाले, वेगळी आहे. बघा, लोकांना आवडते.

२ एप्रिल
मॅनेजरने वही उघडली. म्हटलं, यंदा थंडीच विचित्र पडली. तो म्हणाला, शेजारच्या वाफ्यावर नाही पडली? दारात जाऊचे गड्डे रचलेले. लहान, पण दगडासारखे घट्ट. चौऱ्याऐंशी. मी नाही मोजले, ह्यांनी मोजले.

४ एप्रिल
जाऊ मोठी आचारीण झाली. मला काही वाटलेलं नाही. तिला अनुभव कमी, कुणीतरी जवळ हवंच. पहिलं काम तिने मलाच दिलं: सगळा कोबी बारीक चिरायचा. दहाव्या गड्ड्याला विचारलं, मोठे तुकडे केले तर? पटकन उरकेल. हातातला डाव खाली ठेवून शांतपणे म्हणाली, नको जाऊबाई. सावकाश होऊ द्या.