रोजरीच्या वेळी वायफाय

पपा,

मी मम्मीकडे हॉस्पिटलात चाललेय. पेज झाकून ठेवली आहे.

कॉम्प्युटर बंद करू नका. जॅक्सन डब्लिनहून मित्रांबरोबर खेळतो त्या गेमचा सर्व्हर त्यावरच चालतो. काल मी त्यात नवा मॉड, म्हणजे खेळायची नवी जागा घातली, आपली नंदाखाल गावातली वाडी, केळींसकट. स्क्रीनवर अपडेट मागितलं तर ‘नाही’ दाबा, नाहीतर कुणालाच आत येता येणार नाही.

सात वाजता मात्र अर्धा तास वायफाय बंद करा, मम्मी रोज रोजरीच्या प्रार्थनेला बसताना करते तसं. काल आपण विसरलो. जॅक्सनने लगेच लिहिलं, “आज गेम तुटला कसा नाही? मम्मी बरी आहे ना?” मी कळवलं, ती मावशीकडे गेलीय. परीक्षा होईपर्यंत त्याला सांगायचं नाही, हे तुम्हीच ठरवलंत.

थांबा. वायफायचं वर लिहिलंय ते खोडलं समजा. आत्ताच मम्मीचा फोन आला होता. ऑपरेशन उद्या सकाळीच आहे. तिने विचारलं, “जॅक्सनला सांगितलं ना?”

वायफाय चालूच राहू द्या. सात वाजून गेले की तो विचारेल. तुम्हाला टाइप करता येत नाही, म्हणून हेडफोन जोडून ठेवलाय. तो कानाला लावा आणि बोला. त्याला ऐकू जाईल.

रोवेना